गावाकडची एक आठवण, एक कार्ड: हाताने शुभेच्छापत्र करताना आधी काय, नंतर काय

गावाकडच्या आठवणींचं कार्ड करायला बसलं की कागदावर बहुतेक वेळा तेच उतरतं: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर माड आणि एक कौलारू घर. हे चित्र शाळेतल्या चित्रकलेच्या तासाचं आहे. त्यात ना आजीचं अंगण दिसतं, ना मामाचा मळा. ही पहिली चूक.

दुसरी चूक क्रमाची. सजावट आधी होते आणि मजकूर शेवटी, उंचसखल झालेल्या कार्डावर, हात टेकायला जागा नसताना लिहिला जातो. एक अक्षर चुकलं की चार दिवसांची मेहनत वाया. पान ओलं असतानाच चिकटवलं जातं आणि मुंबईच्या हवेत आठवड्याभरात त्यावर बुरशी धरते. म्हणून खालचा क्रम जसा दिला आहे तसाच पाळावा. विशेषतः चौथा आणि सहावा टप्पा पुढेमागे करू नये.

## आधी दिवस मोजा

पोहोचवायच्या तारखेपासून उलट मोजायला सुरुवात करा. टपालाला आठ ते दहा दिवस धरा, आडगाव असेल तर जास्त. कार्ड वजनाखाली दाबून ठेवायला एक दिवस, पावसाळी हवेत दोन. जोडणी आणि लेखनाला दोन संध्याकाळी पुरतात. सगळ्यात जास्त वेळ साहित्य तयार करण्यात जातो: साधं पान वहीत दाबून पूर्ण वाळायला दहा-बारा दिवस, पिंपळाचं जाळीदार पान पाण्यात कुजवून करायला तीन ते चार आठवडे.

म्हणजे दिवाळीचं कार्ड करायचं तर गणपती उठले की पान पाण्यात पडलं पाहिजे. संक्रांतीच्या तिळगुळासोबत कार्ड पाठवायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच सुरुवात करावी. हे दिवस कामाला सर्वांत सोयीचे असतात. मुंबईची हवा तेव्हा त्यातल्या त्यात कोरडी असते, रंग आणि गोंद वेळेवर वाळतात.

## टप्पा १: आठवण निवडा आणि लहान करत न्या

रंग, कागद, कात्री यांतलं काहीही बाहेर काढू नका. एका रद्दी कागदावर ज्याला कार्ड जाणार आहे त्याचं नाव लिहा. कार्ड घेणाऱ्याच्याही ओळखीची आठवण हवी. फक्त आपल्याला आठवणारी गोष्ट काढली तर समोरच्याला ती समजावून सांगावी लागते.

मग नावाखाली या प्रश्नांची उत्तरं एकेका ओळीत लिहा:

१. सकाळी जाग कशाने यायची? जात्याच्या घरघरीने, रहाटाच्या करकरीने, की दूध काढायला निघालेल्या बादलीच्या कडीने?
२. दुपारी मोठी माणसं आडवी झाली की मुलं काय करायची? सागरगोटे, चिंचोके, विटीदांडू, की माळ्यावर चढून काहीतरी शोधणं?
३. या माणसाच्या हातात नेहमी काय असायचं? फुंकणी, अडकित्ता, कोयता, सूप?
४. गाव सोडताना पिशवीत काय भरून मिळायचं?
५. कोणता वास आला की ते घर आठवतं?

वास कागदावर काढता येत नाही, पण ज्याला तो वास आहे ती वस्तू काढता येते. पाचव्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच लिहून ठेवायचं.

आता मिळालेली आठवण दोनदा लहान करा: आधी प्रसंगावरून वस्तूवर या, मग वस्तूच्या एका भागावर. ‘मे महिन्याची सुट्टी’ हा प्रसंग झाला. त्यातली वस्तू म्हणजे आंब्याची आढी. तिचा भाग म्हणजे पेंढ्यातून अर्धा बाहेर आलेला एक आंबा. कार्डावर तेवढाच काढायचा. ‘पोळा’ हा प्रसंग, सजवलेला बैल ही वस्तू, आणि बेगड लावलेलं, टोकाला गोंडा बांधलेलं एक शिंग हा भाग. पूर्ण बैल काढता येत नाही म्हणून कार्ड अडून राहतं. शिंग कोणालाही काढता येतं, आणि ज्याने पोळा पाहिला आहे त्याला ते एका नजरेत ओळखू येतं.

तपासणी: कार्डावर काय असेल ते एका वाक्यात मोठ्याने म्हणा. ऐकणारा ‘कोणतं घर?’, ‘कोणती विहीर?’ असं विचारू शकत असेल तर आठवण अजून मोठी आहे. पुन्हा लहान करा.

सावध: घर विकलं गेलं असेल, वाटणीत कोणाकडे तरी गेलं असेल किंवा पडलं असेल, तर सणाच्या कार्डावर घर काढू नका. त्याच अंगणातली लहान वस्तू घ्या. वस्तूवर माया राहते आणि दुखणारी जागाही उघडी पडत नाही.

## टप्पा २: गावाचा तपशील जुळवून घ्या

मुंबईत वाढलेल्या मुलांच्या हातून इथे हमखास गल्लत होते. सगळी गावं एकाच साच्याची काढली जातात. घेणारा माणूस त्या मातीतला असतो, त्याला चूक लगेच दिसते.

घरापासून सुरुवात करा. कोकणातलं घर म्हणजे जांभ्याच्या चिऱ्याच्या तांबड्या भिंती, उतरतं छप्पर, मंगलोरी किंवा नळीची कौलं, पुढे पडवी. सोलापूर आणि मराठवाड्याकडे जुनी घरं माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. त्यांवर कौलं काढली तर ते घर तिथलं राहत नाही. खानदेशात सपाट छताला धाबं म्हणतात. विदर्भात कौलांना कवेलू म्हणतात. मजकुरात तो शब्द आला तर वाचणाऱ्याला घर तिथलंच वाटतं.

बैल काढणार असाल तर जात बघा. खिल्लारची शिंगं लांब, मागे जाऊन वर वळलेली. हा सांगली, सातारा, सोलापूरकडचा. डांगी नाशिक-अहिल्यानगरच्या डोंगरपट्ट्यातला, अंगावर तुटक ठिपके-ठिगळं आणि शिंगं आखूड. मराठवाड्यात लाल कंधारी गडद तांबडा, तर देवणी पांढऱ्यावर काळी ठिगळं असलेला. नाशिककडच्या आजोबांना खिल्लारची शिंगं पाठवली तर बैल देखणा दिसेल, पण तो त्यांच्या गोठ्यातला नसेल.

शब्दही तपासा. देशावर खळं म्हणजे मळणीची जागा. मालवणकडे खळं म्हणजे घरापुढचं अंगण. कोकणात वाडी हा गावाचाच एक भाग असतो. देशावर शेतातल्या घरांना वस्ती म्हणतात.

तपासणी: त्या गावच्या एका माणसाला फोन करून तीन गोष्टी विचारा: छप्पर कसलं होतं, अंगणात कोणतं झाड होतं, पाणी कुठून यायचं. पाच मिनिटांत काम होतं. कार्डाबद्दल मात्र बोलू नका.

## टप्पा ३: कागद घ्या आणि त्याची दिशा ओळखा

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर जाड कागद, हातकागद, पाकिटं, फिती हे सगळं एका फेरीत मिळतं. गेरू आणि बेगड दादरच्या पूजासाहित्याच्या दुकानांत विचारा. एका कार्डासाठी एवढंच लागतं:

- मुख्य कार्डासाठी २५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ए-४ कागद एक. यात दोन कार्डं होतात.
- पुढच्या पाटीसाठी १८० जीएसएमचा कागद, ९५ × १३८ मिमी. अशा दोन पाट्या कापा, एक राखीव.
- पाकिटासाठी १०० जीएसएमचा ए-४ कागद एक.
- स्टीलची पट्टी, कटर, रिकामं बॉलपेन, सुई, चिमटा.
- फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, बटर पेपर.

पुढची पाटी म्हणजे वेगळा कापलेला तुकडा. त्यावर सगळं चित्रकाम करून तो शेवटी कार्डावर चिकटवायचा. थेट कार्डावर रंगवलं तर रंगाच्या ओलीने कार्ड वाकतं, टाक्यांच्या गाठी आतल्या पानावर दिसतात, आणि बिघडलं तर सगळंच जातं. पाटी बिघडली तर फक्त पाटी बदलायची.

आता कागदाची दिशा. कारखान्यात बनलेल्या कागदात तंतू एका दिशेने झोपलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर कड स्वच्छ येते. आडवी घातली तर घडीवर कागद फुटतो आणि पांढऱ्या भेगा दिसतात. ओळखायला कागद हातावर धरून एकदा लांबीने आणि एकदा रुंदीने हलकेच वाकवा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, तिकडच्या घडीला तंतू समांतर असतात.

बाजारातल्या बहुतेक ए-४ कागदांत तंतू २९७ मिमीच्या बाजूला समांतर असतात. म्हणून ए-४ सरळ मधोमध दुमडून मोठं कार्ड केलं की घडी तंतूंच्या आडवी पडते. तोच कागद मधोमध कापून १४८ × २१० मिमीचे दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा पुन्हा मधोमध दुमडला, तर १४८ मिमीची घडी तंतूंच्या दिशेने येते. १०५ × १४८ मिमीचं हे लहान कार्ड टपालालाही सोयीचं. हातकागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, त्यामुळे तिथे ही अडचण फारशी येत नाही.

सावध: पावसाळ्यात कागद घरी आणल्या आणल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत, आडवा ठेवा. उभा ठेवलेला कागद दमट हवेत वाकतो आणि मग सरळ होत नाही.

## टप्पा ४: गावाचं साहित्य तयार करा

चार प्रकार खाली दिले आहेत. एका कार्डात यांतला एकच घ्या, फार तर दोन. सगळे एकत्र आले की आठवण त्याखाली दबून जाते.

### पिंपळाचं जाळीदार पान

वहीत ठेवलेलं पिंपळाचं पान पुढे जाळीदार निघायचं, ही आठवण बहुतेक घरांत सापडते. ते मुद्दाम करता येतं. पिंपळ मुंबईत शोधावा लागत नाही, सोसायटीच्या कंपाउंडपासून जुन्या इमारतीच्या भिंतीपर्यंत कुठेही असतो. पान पूर्ण वाढलेलं, गडद हिरवं, भोक नसलेलं घ्या. टोक सोडून लांबी सात ते नऊ सेंटीमीटर. त्याहून मोठं पान या पाटीवर मावत नाही. तांबूस कोवळ्या पानाच्या शिरा कच्च्या असतात, घासताना फाटतात. पाच पानं घेतली तर दोन नीट निघतात असं समजून चला.

*संथ पद्धत:* पानं पाण्यात बुडवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. झाकण उघडं राहिलं तर डासांची पैदास होते. शहरात डेंग्यूचा धोका आहे, तेव्हा यात हयगय नको. चार-पाच दिवसांनी पाणी बदला. तीन आठवड्यांनी एक पान बोटांत धरून बघा. वरचा गर सरकू लागला की झालं.

*जलद पद्धत:* एक लिटर पाण्यात तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला. खाण्याच्या सोड्याने हे काम होत नाही. पानं घालून मंद आचेवर ठेवा, खळखळून उकळू देऊ नका. तासाभरानंतर दर पंधरा मिनिटांनी एक पान काढून बघा. भांडं स्टीलचंच घ्या, सोड्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. हे काम मोठ्या माणसाने करायचं, मुलांनी नाही.

दोन्ही पद्धतींत पुढचं सारखंच. पान स्वच्छ पाण्यात धुऊन सपाट ताटलीवर पसरा. मऊ टूथब्रशने मधल्या शिरेपासून कडेकडे हलके ठोके द्या. आडवं घासलं की जाळी फाटते. गर निघत नसेल तर जोर लावू नका, पुन्हा भिजवा. शेवटी दोन बटर पेपरांमध्ये ठेवून वर पुस्तकं ठेवा, एक दिवस. वर्तमानपत्रात ठेवलं तर शाई पानावर उतरते.

### गावची माती

कोकणातली तांबडी, घाटावरची काळी. गावाहून कोणी येणार असेल तर मूठभर मागवा. बाजारातला गेरूही चालतो. पाड्यांवरच्या वारली चित्रांची तांबडी भिंत त्याचीच असते. त्यावर पांढऱ्या रेषा तांदळाच्या पिठाच्या काढतात. कार्डावर मात्र तांदळाचं पीठ घडीला आणि बोटांना लागून झडतं. तिथे पांढरा पोस्टर रंग किंवा पांढरं जेल पेन घ्या.

१. माती उन्हात पसरून वाळवा, कुटा, मलमलच्या फडक्यातून चाळा.
२. जाड तव्यावर मंद आचेवर दहा मिनिटं परता. हे चुकवलं तर मातीतली बुरशी कागदावर वाढते.
३. बाभळीचा डिंक एक भाग, कोमट पाणी दोन भाग, रात्रभर भिजवा. सकाळी गाळा. लवंगेच्या तेलाचा एक थेंब घातला तर टिकतो.
४. एक चमचा मातीला अर्धा चमचा डिंकाचं पाणी घालून घोटा. साध्या पाण्याने दह्याइतकं पातळ करा.
५. रद्दी कागदावर एक पट्टा ओढा, वाळू द्या, मग बोट फिरवा.

तपासणी: बोटाला रंग लागला तर डिंक कमी आहे. पट्टा चकाकतो आणि तडकतो तर डिंक जास्त झाला. बोट कोरडं आणि पट्टा मॅट, हे बरोबर. काही जण तडे टाळायला मध घालतात. मुंबईच्या दमट हवेत त्याने रंग चिकट राहतो आणि मुंग्या येतात.

पाटी एका पातळ थरात रंगवा. दुसरा थर पहिला पूर्ण वाळल्यावर. पाटी वाकेल, वाकू द्या. पूर्ण वाळली की बटर पेपरात घालून रात्रभर पुस्तकांखाली ठेवा.

### लुगड्याचा तुकडा आणि गोधडीचे टाके

आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा मिळत असेल तर दुसरं काही शोधायची गरज नाही. विचारून घ्या, आणि काठाजवळचा घ्या. काठावरून लुगडं ओळखू येतं.

तुकडा धुऊन भाताच्या पेजेत बुडवा, पिळा, वाळवा, इस्त्री करा. खळ नसलेलं कापड कापताना कडेचे धागे सुटतात. मग सहा सेंटीमीटरचा चौकोन कापा, तिरका नको, धाग्याच्या सरळ रेषेत. पाटीवर ठेवून चार कोपऱ्यांना फेव्हिकॉलचे मोहरीएवढे थेंब लावा. सगळीकडे गोंद लावला तर तो कापडावर उमटतो आणि सुई जात नाही.

टाके थेट घालू नका. आधी पेन्सिलने खुणा करून सुईने भोकं पाडा, चार मिलिमीटर अंतरावर. यापेक्षा जवळ पाडली तर कागद टपाल तिकिटांच्या कडेसारखा त्या रेषेत फाटतो. धागा एकेरी, साधा धावदोरा, गोधडीला असतो तसाच. कडेपासून सुरू करून आत चौकोनात चौकोन. तीन चौकोन पुरे. धागा ओढून घट्ट केला तर पाटी गोळा होते. टाका कागदावर नुसता टेकला पाहिजे. मागे गाठ मारू नका, धाग्याचं टोक टेपने दाबून टाका. गाठीचा उंचवटा पुढे दिसतो.

### भाताची लोंबी, पेंढा

दसऱ्याच्या तोरणासाठी दादरच्या फुलबाजारात भाताच्या लोंब्या येतात. एक जुडी घेऊन ती छायेत उलटी टांगा. दाण्यात किडे असू शकतात, म्हणून वाळल्यावर बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग बाहेर काढून पिशवी न उघडता एक दिवस राहू द्या. एका पाटीला एकच लोंबी. आढीचा पेंढा करायला लोंबीचीच काडी नखाने चिरून सपाट करा.

सावध: कार्ड परदेशी जाणार असेल तर बी, दाणा, माती, पान यांतलं काहीच घालू नका. अनेक देशांत असं पाकीट अडवतात, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये नियम फारच कडक आहेत. तिथे लुगड्याचा तुकडा किंवा रंगीत कागदाचं कातरकाम करा.

## टप्पा ५: घडी

१. १४८ × २१० मिमीच्या तुकड्यावर लांब बाजूला वर आणि खाली १०५ मिमीवर पेन्सिलची बारीक खूण करा.
२. कार्डाची बाहेरची बाजू वर ठेवा. पट्टी लावून रिकाम्या बॉलपेनाने एकाच दाबाने रेघ ओढा. खाच पडली पाहिजे, कागद कापला जाता कामा नये.
३. खाच बाहेर राहील आणि तिचा उंचवटा आत जाईल असं दुमडा. बरेच जण खाचेच्या आत दुमडतात, मग घडी जाड येते आणि कार्ड मिटत नाही.
४. चमच्याच्या पाठीने घडी दाबा, मध्ये बटर पेपर ठेवून. नुसत्या चमच्याने कागदावर चकाकी उतरते.

कडा जुळत नसतील तर घडी पुन्हा घालू नका. बाहेर आलेली कड पट्टी लावून कापा.

## टप्पा ६: मजकूर आता लिहा

कार्ड कोरं आहे, सपाट आहे, हात टेकतो आहे. लिहायची वेळ हीच. चुकलं तर एक दुमडलेला कागद गेला, एवढंच.

आधी रद्दीवर लिहा. दोन ते चार ओळी. ‘गावाकडचे ते सोनेरी दिवस’ असलं काही नको. टप्पा एकमधली वस्तू नावाने येऊ द्या: ‘आजी, आढीतला पहिला पिकलेला आंबा कोणाला मिळायचा ते तुला आठवतंय ना?’ किंवा ‘दादा, सागरगोटे तुझ्याकडेच राहिलेत. भाऊबीजेला घेऊन ये.’ घेणारा त्यावर काहीतरी उत्तर देऊ शकला पाहिजे. बोलीत लिहायचं तर त्या घरात खरोखर ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. ऐकीव मालवणी किंवा वऱ्हाडी जुळवू नका.

आता आखणी. आपली अक्षरं रेषेवर उभी राहत नाहीत, शिरोरेषेला लोंबतात. म्हणून पेन्सिलची रेघ शिरोरेषेसाठी आखा आणि अक्षरं तिच्याखाली काढा. दोन रेघांमध्ये दहा मिलिमीटर अंतर ठेवा. कमी ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. डावीकडे पंधरा मिलिमीटर जागा सोडा. घडीजवळची अक्षरं कार्ड पूर्ण उघडल्याशिवाय वाचता येत नाहीत.

पेन त्याच कागदाच्या कापलेल्या तुकड्यावर वापरून बघा. हातकागदावर शाईच्या पेनाची शाई पसरते, बॉलपेन किंवा बारीक मार्कर चालतो. रेघा खोडण्याआधी शाईला अर्धा तास द्या, पावसाळ्यात दोन तास.

तपासणी: नावं, ऱ्हस्व-दीर्घ आणि तारीख दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. मागच्या बाजूला खाली लहान अक्षरात साल लिहा. कार्डं जपून ठेवली जातात आणि वीस वर्षांनी कोणत्या दिवाळीचं ते कळत नाही.

## टप्पा ७: मांडणी आणि चिकटवणं

पाटीवर सगळं न चिकटवता मांडा. मोबाइलने फोटो काढा आणि फोटो लहान करून बघा. लहान फोटोत वस्तू ओळखू येत नसेल तर आजूबाजूचं काहीतरी काढून टाकायचं आहे. वस्तू अगदी मधोमध नको, थोडी खाली आणि एका बाजूला. बाकी जागा मोकळी. मोकळी राहिलेली जागा भरून काढायची ओढ लागते, आणि तिथेच चमकी, स्टिकर, छापील फुलं येतात. ती येऊ देऊ नका.

चिकटवायचा क्रम: आधी रंगाची पाटी (वाळलेली), मग कापड आणि टाके, मग पान, सगळ्यात शेवटी लोंबी किंवा बेगड.

जाळीदार पानासाठी फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून ताटलीवर पातळ पसरा. पान चिमट्याने त्यावर अलगद टेकवा, उचला, पाटीवर ठेवा, वर बटर पेपर ठेवून बोटाने दाबा. ब्रशने पानावर गोंद लावायला गेलं की जाळी ब्रशला चिकटून येते. तांबड्या मातीच्या पाटीवर हे पान विशेष उठून दिसतं, पांढऱ्यावर हरवतं.

लोंबी दोन ठिकाणी धाग्याने बांधा, नुसत्या गोंदाने ती सुटते.

पाटी तयार झाली की मागे चारही कडांना दुहेरी टेप लावा आणि कार्डाच्या पुढच्या बाजूला बसवा, सगळीकडून पाच मिलिमीटर कड सोडून. इथे फेव्हिकॉल लावू नका. त्याच्या ओलीने दोन्ही कागद लाटांसारखे होतात.

## टप्पा ८: दाबून ठेवा

कार्ड मिटवून बटर पेपरात गुंडाळा, वर दोन-तीन जाड पुस्तकं. चोवीस तास, पावसात अठ्ठेचाळीस. लोंबीचं कार्ड असं दाबलं तर दाणे फुटतात. तिथे लोंबीच्या आकाराची खिडकी कापलेला पुठ्ठा वर ठेवून मग वजन ठेवा.

तपासणी: बाहेर काढल्यावर कार्ड टेबलावर आपोआप उभं राहिलं पाहिजे. नाकाजवळ नेऊन बघा. कुबट वास आला तर काहीतरी ओलं राहिलं आहे. पाकिटात घालू नका, पंख्याखाली उघडं ठेवा.

## टप्पा ९: पाकीट आणि टपाल

१०० जीएसएमचा ए-४ कागद उभा धरा. दोन्ही बाजूंना २४ मिमीवर उभ्या रेघा मारा. खालून १०५ मिमीवर, मग त्याच्या वर ११४ मिमीवर, मग आणखी ५० मिमीवर आडव्या रेघा. सर्वांत वर उरलेली पट्टी कापून टाका. बाजूच्या २४ मिमीच्या पट्ट्या फक्त मधल्या भागाला ठेवा, वरच्या आणि खालच्या भागाच्या कापा. आधी बाजू आत दुमडा, मग खालचा भाग वर आणून बाजूंवर चिकटवा. १६२ × ११४ मिमीचं पाकीट होतं. त्यात हे कार्ड जराशा मोकळेपणाने बसतं.

वजन: कार्ड साधारण ८ ग्रॅम, पाटी अडीच, पाकीट पाच. म्हणजे साडेपंधरा. साध्या पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमपर्यंतचा आहे, तेव्हा सजावटीला चारेक ग्रॅम उरतात. पान, कापड, टाके यांना ते पुरतात. टपाल कार्यालयात खिडकीवर वजन करून मगच तिकीट लावा. तिकीट कमी पडलं तर पत्र बैरंग होतं आणि पैसे घेणाऱ्याला भरावे लागतात.

तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उंच काहीही साध्या पाकिटातून पाठवू नका, शिक्का मारताना ते चिरडतं. लोंबीचं कार्ड गावी जाणाऱ्या माणसाच्या हाती, पुठ्ठ्याच्या डब्यात द्या.

पत्ता लिहिताना मु. आणि पो. वेगळे आहेत हे विसरू नका. पुष्कळ लहान गावांत टपाल कार्यालय नसतं, ते शेजारच्या गावात असतं. मु. पुढे राहतं गाव आणि वाडीचं नाव, पो. पुढे टपाल कार्यालयाचं गाव, मग तालुका, जिल्हा आणि त्या टपाल कार्यालयाचा सहा आकडी पिनकोड. पत्ता पेन्सिलने किंवा शाईच्या पेनाने लिहू नका. पेन्सिल घासून पुसट होते, शाई पावसात भिजली की पसरते. बॉलपेन घ्या. मागे आपला पत्ता लिहा, फोन नंबरही. गावचा पोस्टमन बऱ्याचदा आडनावापेक्षा घराच्या नावाने माणूस ओळखतो, तेव्हा घराला नाव असेल तर ते पहिल्या ओळीत, माणसाच्या नावाखाली लगेच लिहा.